प्रौढ कुत्र्यास योग्य घर

‘पाळीव’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. गाय पाळीव, मांजर पाळीव, दारातला कुत्रा पाळीव आणि पिंजऱ्यातला राघूही पाळीवच. (राघू पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते.) परंतु या साऱ्यांचे माणसाशी असलेले नाते एकच नव्हे. गाईला दावे असते, राघूला पिंजरा असतो, मांजराची ओढ माणसापेक्षा घराकडे अधिक असते. कुत्रा मात्र मोकळा असूनही माणसाच्या आसपास राहतो. त्याला पळून जाण्यास सारी वाट खुली असते, तरी तो जात नाही. हे नाते दाव्याचे नसून संमतीचे आहे.

ही संमती सगळे कुत्रे सारख्याच उदारपणे देत नाहीत. काही कुत्रे धन्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बसतात. त्याने नुसते ‘शाबास’ म्हटले तरी अंग घुसळू लागतात. काही कुत्रे मात्र स्वतःच्या बुद्धीने चालणारे असतात. हाक मारली तर मान वळवून पाहतील. येणे सोयीचे वाटले तर येतील, नाही तर पुन्हा डोळे मिटून घेतील. अशा कुत्र्यास आपण उनाड म्हणतो, मस्तवाल म्हणतो, प्रसंगी बेइमानही म्हणतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा कुत्रा आहे. आणि त्यातही वयाने वाढलेला, बरीच वर्षे स्वतःच्या पायांवर जगलेला, आणि अपघातामुळे, आजारामुळे किंवा जागा सुटल्यामुळे माणसाच्या हाती आलेला. अशा जिवाला घर शोधून द्यावयाचे असेल, तर ते कसे शोधावे?

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न आज आपल्या शाळांच्या अगदी फाटकाशी येऊन ठेपला आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला, की शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटके कुत्रे तेथून हलवावेत, त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये. त्यापूर्वी २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडण्याची रीत होती. २०२५ च्याच २२ ऑगस्टच्या आदेशात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली होती: ज्यांना कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची राहील. शाळेच्या आवारात लहान मुले वावरतात, तेव्हा या आदेशामागील काळजी कोणीही समजू शकेल. पण ज्या आवारात एखादा कुत्रा पाच-सहा वर्षे कोणाला न दुखवता राहिला, तेथील मुलांपुढे प्रश्न उभा राहतो: आता याने जावे कोठे?

प्रथम हा प्राणी कोण हे समजून घेऊ. आमच्या कोंकणीत कुत्र्याला ‘सुणे’ म्हणतात. संस्कृतातील ‘श्वन्’ आणि ‘शुनक’ यांच्याशी या शब्दाचे नाते आहे. म्हणजे शब्द जुना आणि प्राणीही जुना. ज्याला आपण तुच्छतेने ‘गावठी’ म्हणतो तो कुत्रा कोणा शौकिनाने जोड्या जुळवून तयार केलेला नाही. ऊन, पाऊस, उपासमार आणि माणसाचा धोंडा या चार परीक्षकांनी त्याची निवड केलेली आहे. आखूड केस, उभे कान, वळलेली शेपटी, बेताचा बांधा हे सारे या हवेत जगण्यासाठी सोयीचे आहे.

या परीक्षा किती कठीण असतात याचा हिशेब बंगालमधील संशोधकांनी मांडला आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास करीत आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ९५ वेतांतील ३६४ पिल्लांची पाहणी आहे. त्यांपैकी केवळ १९ टक्के पिल्ले स्वतः वीण देण्याच्या वयापर्यंत जगली. आणि जी मेली त्यांतील ६३ टक्क्यांच्या मृत्यूत माणसाचा या ना त्या प्रकारे हात होता. वाहनाखाली चिरडणे, उचलून नेणे, मारणे अशी त्याची रूपे आहेत. याचा अर्थ असा, की तुमच्या गल्लीत उन्हाला पडलेला पाच वर्षांचा तो निवांत कुत्रा पाचांतील उरलेला एक आहे. रस्ता केव्हा ओलांडावा, कोणत्या हॉटेलाचे मागचे दार दुपारी उघडते, कोणता माणूस खाली वाकला म्हणजे दगड उचलतो आणि कोणता वाकला म्हणजे चपलेचा पट्टा लावतो, हे त्याला ठाऊक आहे म्हणूनच तो उरला. आपण ज्याला त्याचा उनाडपणा म्हणतो ते त्याचे शिक्षण आहे. पाच वर्षे घेतलेले शिक्षण घरात पाऊल टाकताच उंबऱ्याबाहेर ठेव, असे त्याला सांगता येत नाही.

महाभारताच्या आदिपर्वाच्या आरंभी सरमेच्या पिल्लाची एक लहानशी कथा येते. जनमेजयाचे यज्ञसत्र चालू असता ते पिल्लू तेथे गेले. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला बडविले. ते रडत आईकडे गेले आणि आईने सभेत येऊन जाब विचारला, ‘याचा अपराध काय?’ तेव्हा कोणालाच उत्तर देता आले नाही. धर्मराजाचा कुत्रा सर्वांना माहीत असतो. सरमेचा हा प्रश्न मात्र फारसा कोणी सांगत नाही.

आता स्वतंत्र वृत्ती म्हणजे काय, हे जरा बारकाईने पाहिले पाहिजे; कारण चुकीच्या घराची निवड बहुधा येथेच होते. स्वतंत्र कुत्रा, भित्रा कुत्रा, आजारी कुत्रा आणि चावरा कुत्रा हे चार वेगळे आहेत. दुरून पाहता मात्र चौघेही ‘जवळ येत नाहीत’ एवढेच दिसते. भित्रा कुत्रा माणूस पाहताच अंग आकसतो, शेपटी पोटाशी घेतो, कान मागे पाडतो आणि पळण्याची वाट शोधतो. आजारी कुत्रा कालपर्यंत येत होता आणि आज येत नाही. गोचिडींनी येणाऱ्या तापात अन्नावरची वासनाही जाते. चावरा कुत्रा बहुधा भित्राच असतो, फक्त त्याला पळण्यास जागा उरलेली नसते. स्वतंत्र कुत्र्याचे अंग मात्र सैल असते. तो तुमच्याकडे पाहतो, जांभई न देता पाहतो (अवघडलेला कुत्रा वारंवार जांभया देतो आणि ओठ चाटतो), आणि मग आपल्या कामाला लागतो. त्याला तुमचे भय नाही आणि तुमची निकडही नाही. शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश, हेही तितकेसे खरे नव्हे. ताठ उंच धरलेली आणि जलद थरथरणारी शेपटी इशाऱ्याचीही असते. सैल, कमरेसकट डोलणारी शेपटी स्नेहाची.

कुत्र्याचे माणसाशी सख्य व्हावे यासाठी बालवयातला एक ठराविक काळ फार मोलाचा असतो, हे अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत ज्या पिल्लाला माणसाचा हात लागतो, त्याला पुढे माणूस परका वाटत नाही. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला, की घ्यायचे तर पिल्लूच घ्यावे. मोठा कुत्रा कधी आपला होत नाही. हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. बुडापेस्ट येथील गाची, मिक्लोशी, चान्यी आदी संशोधकांनी निवाऱ्यात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यांवर केलेला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. एका अनोळखी व्यक्तीने त्या कुत्र्यांसोबत प्रत्येकी दहा मिनिटे अशा अवघ्या तीन भेटी घालविल्या. एवढ्यानेच ते कुत्रे त्या व्यक्तीला इतरांपासून वेगळे मानू लागले, ती दाराबाहेर गेली की दाराशी जाऊन उभे राहू लागले. जुनी माणसे दुरावलेल्या कुत्र्याची नवे नाते जोडण्याची शक्ती संपलेली नसते. कोलकात्याच्या संशोधकांनी २०१७ साली आणखी एक गोड गोष्ट दाखविली. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांना काहींनी पुनःपुन्हा खाऊ दिला आणि काहींनी डोक्यावरून हात फिरविला. तेव्हा दीर्घकाळचा विश्वास खाऊपेक्षा हात फिरविण्याने अधिक बसला. अर्थात ज्याला हात नको असेल त्याच्या डोक्यावर बळेच हात ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे.

येथे जाता जाता आपल्या शेजारच्या मुधोळचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे एके काळी घोरपड्यांचे मराठी संस्थान होते. तेथला उंच, सडपातळ, लांब तोंडाचा शिकारी कुत्रा महाराष्ट्रात ‘कारवानी’ म्हणून ओळखला जातो. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढले. हा नजरेने शिकार हेरणारा आणि वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा. मालकाच्या हुकमाची वाट पाहत बसला तर ससा निसटेल, म्हणून स्वतः निर्णय घेणे त्याच्या रक्तातच आहे. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. शहरातील हौशी मंडळी त्याचे देखणेपण पाहून तो विकत घेतात, दोन खोल्यांत कोंडतात, आणि वर्षभरात ‘हा ऐकत नाही’ म्हणून कोणाच्या तरी गळ्यात बांधतात. जातिवंत असो वा गावठी, कुत्रा ज्या कामासाठी घडला त्या कामाला विसरून त्याला घर दिले तर हेच होते.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातील एका शाळेच्या आवारातली कुत्री हलवावी लागली. तिचे घर शोधण्याच्या खटपटीत आम्हीही होतो, म्हणून तो प्रसंग उदाहरणादाखल सांगते. भाजलेल्या काजूच्या रंगाची ही कुत्री सुमारे सहा वर्षांची. मुले तिला ‘काजू’च म्हणत. नसबंदी झालेली, कानाच्या टोकाला तशी खूण असलेली, लस वेळेवर टोचलेली. सकाळी प्रार्थनेच्या वेळी ती ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर बसे, मधल्या सुट्टीत मुलांच्या गर्दीपासून दूर विहिरीमागे जाई, आणि पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या भोंग्यावर मात्र कोठूनही धावत येई. सहा वर्षांत तिने कोणाला दात लावला नाही. पण कोणी मिठी मारलेली तिला आवडत नसे. अशा वेळी ती मान काढून घेऊन शांतपणे निघून जाई.

तिच्यासाठी तीन घरे पुढे आली. पहिले घर आठवीतील एका मुलीचे. शहरात तिसऱ्या मजल्यावर सदनिका, आईवडील दोघेही नोकरीला, घरात तीन वर्षांचा धाकटा भाऊ. माया म्हणाल तर या घराइतकी कोठेच नव्हती. मुलीने पाणी पिण्याचे भांडेसुद्धा आणून ठेवले होते. दुसरे घर एका बंगल्याचे. तेथील गृहस्थ म्हणाले, “बाई, कुत्री चांगली जागी आहे. दिवसा बांधू, रात्री सोडू. चोर फिरकणार नाही.” तिसरे घर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कुळागरातले. तेथे एक वृद्ध जोडपे राहते, मुलगे परदेशी. सुपारीची झाडे, मिरवेली, बारमाही पाट, आणि हाकेच्या अंतरावर एकच शेजार.

बंगल्याला नकार देणे सोपे होते. दिवसभर बांधलेला कुत्रा राखण करीत नाही, तो केवळ भुंकतो. आणि भुंकणाऱ्याकडे चार दिवसांनी चोरही लक्ष देत नाही व मालकही. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात सदैव साखळीने बांधलेल्या कुत्र्यास फिरण्याची मोकळीक न देणे हा स्पष्टपणे अपराध ठरविला आहे. (या कायद्यासाठी राज्यसभेत प्रथम आवाज उठविला तो थोर नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. सभागृहात कलावंतांनी काय करावे असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

पहिल्या घराला नकार देणे मात्र कठीण गेले. मुलगी रडली. तिच्या वर्गाने आमच्याशी दोन दिवस अबोला धरला. मुलांचे म्हणणे असे, की जो सर्वांत जास्त प्रेम करतो त्यालाच काजू मिळावी; याहून न्याय्य ते काय? हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. म्हणून त्या वर्गापुढे आम्ही काजूचा एक दिवस मांडला. ती पहाटे उठते आणि आवाराला एक फेरी मारते. नऊ-दहा तास उघड्यावर असते. दिवसातून चार वेळा जागा बदलते. गर्दी झाली की निघून जाते. आता तिसऱ्या मजल्यावर ती कोठे निघून जाईल? सकाळी नऊला दार बंद झाले की संध्याकाळी सहाला उघडेल. घरात तीन वर्षांचे मूल आहे. ते मिठी मारणारच, तो त्याचा धर्मच आहे. विहिरीमागे जाण्याची वाट नसलेली काजू एक दिवस गुरगुरेल, आणि कोणी न ऐकल्यास दात दाखवील. त्या दिवशी ‘कुत्री चावरी निघाली’ असे म्हटले जाईल, आणि चावऱ्या ठरलेल्या प्रौढ कुत्रीस मग तिसरे घर मिळत नाही. मुलीची आई समंजस होती. ती म्हणाली, “बाई, तिला आमच्याकडे सगळे मिळेल, पण तिला हवे ते मिळणार नाही, असेच ना?” याहून अचूक शब्द आम्हाला सापडले नसते.

आपल्याकडे मुलीसाठी स्थळ पाहताना किती चौकशा होतात! कुत्र्यासाठी त्याच्या दशांश तरी व्हाव्यात. कुळागरातल्या घरी आम्ही तीन वेळा गेलो. पहिल्याने कुत्री न नेता. कुंपण किती उंच, फाटकाखाली किती फट, विहिरीला कठडा आहे की नाही, कोंबड्या मोकळ्या फिरतात का, शेजाऱ्याचा कुत्रा कोणत्या वृत्तीचा, रस्ता किती जवळ, हे सारे डोळ्यांनी पाहिले. कोंबड्या होत्या; पण परसातल्या जाळीत होत्या. खरी अडचण निराळीच निघाली. त्या भागात डोंगरातून बिबटा उतरतो, आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. मोकळ्या कुळागरात रात्री बाहेर झोपणारी कुत्री फार दिवस टिकली नसती. म्हणजे दिवसा पूर्ण मोकळीक आणि दिवेलागणीनंतर घराच्या आत, अशी शिस्त पाळावी लागणार होती. आणि काजूने तर जन्मात कधी बंद दाराआड रात्र काढलेली नव्हती. आजोबांनी थोडा विचार केला आणि ओसरीच्या आतली, पाटाकडे खिडकी असलेली खोली दाखविली. “दार लावीन, खिडकीला गज आहेत, पण वारा येईल. दोन-चार रात्री ओरडली तर ओरडू दे. आम्हा दोघांना तशी झोप कमीच.”

दुसऱ्या खेपेस काजूला सोबत नेले, ती परत आणण्याच्या बोलीवर. तेथे आम्ही तिला कोणाजवळही ढकलले नाही. आजी निवडत होत्या ती भाजी निवडीत राहिल्या. त्यांनी हाक मारली नाही, वाकून चुचकारले नाही. वीस मिनिटांनी कुत्री आपणच येऊन सुपाचा वास घेऊन गेली. स्वतंत्र वृत्तीच्या कुत्र्याला माणूस आवडला की नाही हे त्याच्या चाटण्यावरून कळत नाही. तो त्या माणसाकडे पाठ करून निश्चिंत बसतो, तेव्हा ते कळते. तिसऱ्या खेपेला ती तेथे बसली.

दोष सांगण्यात कसूर करू नये. कुत्रा देणारे लोक पुष्कळदा गुणच सांगतात, कारण त्यांना ओझे उतरावयाचे असते. पण खोड झाकून जुळविलेले स्थळ टिकत नाही. काजू ढगांच्या गडगडाटाला भिते. ताटलीतले खाणे झडप घालून खाते आणि त्या वेळी जवळ गेलेले तिला चालत नाही. पाळलेल्या मांजरीमागे ती एकदा लागली होती. हे सारे आम्ही सांगितले. खर्चही सांगितला: दरवर्षी रेबीजची लस, पावसाळ्यात गोचिडींचे औषध, म्हातारपणी पशुवैद्य. घरात नीट जपलेला गावठी कुत्रा बारा-तेरा वर्षे सहज जगतो. म्हणजे सहा वर्षांची कुत्री घेणे हे आणखी तितक्याच वर्षांचे वचन आहे. सत्तरीच्या जोडप्याला हे विचारणे अवघड होते, पण विचारले: “तुमच्यानंतर कोण?” शेजारच्या घरातील पुतण्याने ती जबाबदारी आपण होऊन घेतली. हे उत्तर मिळेपर्यंत आम्ही कुत्री दिली नाही.

रेबीजविषयी दोन शब्द येथेच सांगणे बरे. गोव्यात २०१४ पासून घरोघर व गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम झाली. एखाद्या भागातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, या तत्त्वावर ती आखलेली होती, आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. तरीही कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, मिरची, चुना असले काही लावू नये. घरचा कुत्रा आहे, लस टोचलेली आहे, म्हणून स्वस्थ बसू नये. डॉक्टर सांगतील तितक्या सर्व मात्रा घ्याव्यात. हा रोग एकदा दिसू लागला की त्याला उपाय नाही. आणि वेळेवर लस घेतली तर त्याचे भय नाही.

नव्या घरात कुत्रा रुळण्यास किती काळ लागतो? अनुभवी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत उमगण्याचे, तीन महिने ‘हे माझे घर’ असे वाटण्याचे. स्वतंत्र वृत्तीच्या कुत्र्याला यातला शेवटचा टप्पा अधिक लांबतो. पहिल्या दिवसांत त्याला आंघोळ घालू नये, पाहुण्यांना दाखवू नये, नाव बदलू नये. त्याची जुनी गोणपाटाची घडी न धुता सोबत द्यावी. तिचा वास हेच त्याचे गाव. बाहेर नेताना काही आठवडे पट्टा सोडू नये. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो असे आपण म्हणतो. त्याची दुसरी बाजू अशी, की परक्या गल्लीत तो हरवलेले पोर असतो. हुशार कुत्राच जुन्या जागेकडे परत निघतो, आणि वाटेतल्या महामार्गाशी त्याची ओळख नसते. शेपूट नळीत घालून सरळ करण्याचा उद्योग तर मुळीच आरंभू नये. ‘बस’, ‘ऊठ’, ‘हात दे’ हे शिकविण्यास जन्म पडला आहे. एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवावी: नाव घेतले की येणे. आणि तो आला की दर वेळी त्याचे काही तरी चांगले व्हावे. हाक मारून आणायचे आणि औषध पाजायचे, असे कधीही करू नये.

काजू कुळागरात जाऊन आता आठ महिने झाले. पहिल्या पाच रात्री ती ओरडली. सहाव्या रात्री ओरडली नाही. आजी फोनवर सांगतात, की ती दिवसभर पाटाच्या वरच्या अंगाला असते आणि अंधार पडू लागला की बोलावल्यावाचून खोलीत जाते. डोक्यावर हात अजूनही ठेवू देत नाही. आजोबा वर्तमानपत्र वाचीत असता त्यांच्या खुर्चीला पाठ टेकून मात्र बसते. पहिल्या घरची ती आठवीतली मुलगी आईसह दोनदा तिला पाहून आली. काजूने तिला ओळखले, तिचा वास घेतला, आणि पुन्हा पाटाकडे गेली. मुलीला याचे वाईट वाटले असेल असे आम्हाला वाटले होते. तिने मात्र वर्गात येऊन एवढेच सांगितले, की काजू जाड झाली आहे.

घर जुळले नाही तर काय, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. कुत्रा दुसऱ्या कोणाला परस्पर देऊ नये, रस्त्यावर तर सोडूच नये. ज्याने दिला त्याच्याकडे केव्हाही, कारण न सांगता, परत आणावा. १९६० च्या कायद्यात पाळलेला प्राणी टाकून देणे हाही अपराध आहे. परंतु लोक कायद्याच्या भीतीने नव्हे, तर लाजेने गुपचूप सोडून येतात. ‘परत आणलात तर आम्ही रागावणार नाही’ हे वाक्य घेणाऱ्याने ऐकलेले असले, की तो लाजेचा प्रसंग टळतो. आम्ही ते तोंडी सांगितले आणि लिहूनही दिले.

तो कागद आठवीच्या वर्गानेच तयार केला होता. वर लसीची तारीख आणि पशुवैद्यांनी दिलेली पुढची तारीख. खाली, काजू काय खाते: मासे-भात, पण काटे काढून, शिजवलेली हाडे नाहीत, कांदा नाही, चॉकलेट नाही. मग तिच्या खोडी. मग पोदेराच्या भोंग्याची नोंद. सर्वांत शेवटी, अबोला धरलेल्या त्या दोन दिवसांतच केव्हा तरी, त्या मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: ‘गडगडले की ती पलंगाखाली जाते. तिला बाहेर ओढू नये. दिवा चालू ठेवावा आणि आपण जवळपास काही तरी काम करीत बसावे.’